गुडघे टेकणारी गाडी

१

सुकुमार चौगुले त्यांच्या स्वतःच्या गाडीखाली सापडून मेले.

हळदीचा हंगाम भरात होता. सांगलीजवळच्या त्यांच्या गावात जिकडे तिकडे शिजवलेली हळद वाळत पडली होती, आणि चौगुल्यांच्या घराशेजारच्या खळ्यावर हळद पॉलिश करायचा ड्रम सकाळपासून घरघरत होता. दुपारी त्यांची बायको चंदना अंगणात आली. ती भली थोरली काळी परदेशी गाडी मागच्या बाजूनं जमिनीला टेकली होती आणि तिच्याखालून सुकुमारांचे पाय बाहेर आले होते. चंदनाची किंकाळी ऐकून ड्रमवरची माणसं धावली. सगळ्यांनी मिळून गाडी हातांवर उचलली, सुकुमारांना बाहेर ओढलं. छाती चेपली होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गाडीखाली एक जॅक आडवा पडला होता. जॅक घसरला, गाडी अंगावर आली, असं सगळे म्हणाले. पोलिसांनीही तसंच लिहिलं.

पण जॅक त्या गाडीचा नव्हता. तो होता सुकुमारांचा मुलगा आर्जव याच्या लहान गाडीचा. आणि आदल्याच संध्याकाळी बापलेकांचं त्या काळ्या गाडीवरून कडाक्याचं भांडण झालेलं साऱ्या आळीनं ऐकलं होतं. गावात कुजबूज सुरू झाली. ती फिरत फिरत विमा कंपनीच्या कानावर गेली, आणि कंपनीनं साताऱ्याच्या ज्ञानदा थत्ते यांना चौकशीला पाठवायचं ठरवलं.

ज्ञानदाचे केस अपघातग्रस्त गाड्या तपासण्यात पिकले होते. खंबाटकी घाटापासून मिरजेपर्यंत एकही वळण असं नव्हतं, जिथं तिनं चुरडलेल्या पत्र्यापाशी उभं राहून कुणाच्या तरी बायकोचं रडणं ऐकलं नसेल. माणसं घाबरून, लाजून, मायेपोटी खोटं बोलतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती आधी वस्तूंकडे बघायची, मग माणसांकडे.

पोलिसांनी काढलेले फोटो तिनं घरी टेबलावर मांडले. मागून खाली बसलेली गाडी. पोलिसांनी उघडून पाहिलेली रिकामी डिकी. साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली. आणि जॅक.

जॅकच्या फोटोवर तिची नजर खिळली. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

जॅक पूर्ण मिटलेला होता. आणि मिटलेल्या जॅकवरून कुठलीही गाडी घसरू शकत नाही, कारण तो गाडीला लागलेलाच नसतो.

२

ज्ञानदा आधी गेली ती साताऱ्यातच, महामार्गालगतच्या जयराजच्या दुकानात. जयराज जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. सुकुमारांना ती गाडी त्यानंच विकली होती.

"गाडी मी दिली, पण गळ्यात बांधली न्हाई मॅडम," तो बसायच्या आधीच म्हणाला. "मी सुकुमारआण्णांना हात जोडून सांगितलं हुतं. असली गाडी नवी घेणारा हौसेनं मिरवतो. जुनी घेणारा तिच्यापायी म्हातारा होतो. पार्ट हितं मिळत न्हाईत, मेस्त्री हात लावत न्हाईत. पांढरा हत्ती हाय म्हटलं, काळ्या रंगाचा."

"मग त्यांनी का घेतली?"

"त्यांचा एकच प्रश्न असायचा. कुठलीबी गाडी दाखवा, म्हणायचे, खाली बसती का?"

या गाडीला स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या होत्या. हवा भरली की गाडी वर उठायची, सोडली की खाली यायची. डिकीत एक बटण होतं, सामान चढवायला सोपं जावं म्हणून. ते दाबलं की गाडीची मागची बाजू सुस्कारा टाकत खाली बसायची.

"त्यांच्या आईचे, आक्काताईंचे गुडघे गेलेत," जयराज म्हणाला. "लहान गाडीत वाकून बसता येत न्हाई, उंच गाडीत चढता येत न्हाई. आण्णांनी हितंच आईला आणून बटण दाबाय लावलं. गाडी गुडघे टेकल्यागत बसली. म्हातारी पोरीसारखी हसली बघा. आण्णांनी तिथल्या तिथं गाडी घेतली."

त्यानंतर सुकुमार त्या गाडीचे होऊन गेले. पिशव्या विरल्या, तेव्हा पुण्याहून नव्या आणून त्यांनी घरीच बसवल्या. हवेचा पंप दमायला लागला, तर तो उघडून साफ करायला शिकले. रविवारी द्राक्षाच्या बागेत जायचं सोडून गाडीखाली जायचे. वर्षातले कितीतरी दिवस गाडी कुठल्या ना कुठल्या दुखण्यानं दारात उभी असायची, आणि बरी झाली की आईला घेऊन निघायची.

"तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?" ज्ञानदानं विचारलं.

जयराज खुर्चीतल्या खुर्चीत सरकला. "झालं असंल कवातरी."

"जयराज, फोनची नोंद निघते."

त्याचा चेहरा पडला. "त्याच दिवशी सकाळी. मी पोलिसांना सांगितलं न्हाई. आण्णा म्हणाले, मागं डावीकडनं हवा गळतीया. आज आईला बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला न्यायचंय, वाटंत गाडी बसाय नको. मी म्हटलं, साबणाचं पाणी मारा, बुडबुडं येतील तिथं गळती. गाडी सगळ्यात उंच करा अन् खाली शिरा." त्यानं मान खाली घातली. "मीच सांगितलं, शिरा म्हणून."

"जॅक लावायला सांगितलात?"

"जॅक कशाला? त्या पिशवीवर गाडीचं वजन असंल तरच गळती दिसती. जॅक लावला की वजन जॅकवर जातं. आण्णांना हे माझ्यापेक्षा चांगलं म्हाईत हुतं."

बाहेर येऊन ज्ञानदा आपल्या गाडीत बसली आणि तिनं चंदनाचा पोलिसांपुढचा जबाब पुन्हा वाचला. 'त्या दिवशी आम्हाला कुठेही जायचे नव्हते. सासूबाई आत झोपल्या होत्या.'

जयराजला बाहुबलीचं नाव खोटं घ्यायचं काही कारण नव्हतं. मग नवरा जाऊन तास उलटला नव्हता, तेव्हा चंदना खोटं का बोलली?

३

कराड, इस्लामपूर, आष्टा मागं टाकत ज्ञानदा दुपारी गावात पोचली. चौगुल्यांचं घर सिमेंटचं, ऐसपैस. अंगणात ती काळी गाडी अजून तशीच उभी होती. त्या दिवसापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

चंदनानं "या" म्हटलं. पन्नाशीची बाई, चेहरा रेखीव, डोळे कोरडे ठणठणीत. नवरा गेल्यावर इतके कोरडे डोळे ज्ञानदानं दोनच प्रकारच्या बायकांचे पाहिले होते. एक, ज्यांना दुःख नसतं. दुसऱ्या, ज्यांना रडायला सवड नसते.

आतल्या खोलीत पलंगावर आक्काताई बसल्या होत्या. पांढरं लुगडं, हातात जपमाळ. त्यांनी ज्ञानदाकडे पाहिलं.

"त्यास्नी ऐकू कमी येतं," चंदना घाईनं म्हणाली. "त्यास्नी काय विचारू नका. पोराचं लय मनाला लागलंय."

कोपऱ्यात तांब्याची कळशी होती, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं. ज्ञानदाला तहान लागली होती. तिचा हात सहज तिकडे गेला.

"ती नको!" चंदनानं अडवलं. मग ओशाळून म्हणाली, "ती आक्कांची हाय. आडाचं पाणी त्या स्वतः गाळून भरत्यात. आमी कुणी त्या कळशीला शिवत न्हाई. परगावी जायचं झालं तरी त्या सोताच्या हातानं गाडीत ठेवत्यात. थांबा, तुमाला फ्रिजातलं देते."

पाणी पिऊन झाल्यावर ज्ञानदानं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बाहुबलीला निघाला होता?"

चंदनानं तांब्या-भांडं खाली ठेवलं. "न्हाई. कुठं न्हाई. कोण म्हणालं?"

"आक्का कुठं होत्या त्या वेळी?"

"झोपल्या हुत्या. लिहून दिलंय की मी." तिचा आवाज चढला. "तुमाला काय पायजे? जॅक घसरला. सगळ्यांनी बघितलाय."

दारात कुणीतरी उभं राहिलं होतं. दाढी वाढलेला, खोल गेलेल्या डोळ्यांचा तिशीचा तरुण.

"आईला कशाला विचारताय मॅडम?" तो म्हणाला. "मला विचारा. बाबांना मी मारलंय."

४

हाच आर्जव. ज्ञानदा त्याला घेऊन अंगणात आली.

"त्या जॅकचे आटे झिजले होते," तो गाडीकडे न बघता सांगू लागला. मिरजेला नोकरी करणारा हा मुलगा शहरी बोलत होता, पण शब्द जड येत होते. "महिनाभर मला माहीत होतं. बदलला नाही. पडवीत टाकून ठेवला. बाबांनी तोच उचलला असणार. आदल्या दिवशी मी त्यांना नको ते बोललो. म्हटलं, ही गाडी विका, नाहीतर एक दिवस ही तुम्हाला खाईल. आणि मी ऑफिसात चहा पीत असताना माझ्या जॅकनं त्यांना खाल्लं. मी रोज रात्री तेच बघतोय. पोलीस धरून नेतील तर बरं होईल."

"त्या जॅकचा फोटो पाहिलास?"

"नाही. माझी हिंमत नाही."

ज्ञानदा गुडघ्यांवर बसली आणि मागच्या चाकांच्या आत बॅटरी मारली. डाव्या पिशवीवर साबणाच्या फेसाचे सुकलेले पांढरे ओघळ होते. उजवी कोरडी होती. गळती फक्त डावीकडे. गळतीनं गाडी बसली असती तर ती डावीकडे कलली असती, आणि तीही सावकाश. पण पोलिसांच्या फोटोत गाडी दोन्ही बाजूंनी सारखी बसली होती.

तिनं चावी मागितली. चावी फिरवताच समोरच्या पडद्यावर गाडीची आकृती आली, मागून झुकलेली, खाली सामानाच्या पेटीचं चिन्ह. म्हणजे गाडी आपोआप खाली आली नव्हती, तिला बसायला सांगितलं गेलं होतं. अशी गाडी वर उठायला इंजिन चालू लागतं. खाली बसायला लागत नाही. बटण दाबलं की पुरे.

बटण कुणी दाबलं?

आर्जव मिरजेत होता. जयराज साताऱ्यात. घरात दोनच माणसं होती.

तिनं डिकी उघडली. आत काही नव्हतं. राखाडी गालिच्यावर उजव्या कोपऱ्यात एक पुसट गोल डाग होता. तिनं पोलिसांचा फोटो शेजारी धरला. फोटोत तोच गोल गडद दिसत होता, ओला. त्या दुपारी डिकीत बुडाला ओल असलेलं एक गोल भांडं ठेवलेलं होतं, आणि पोलीस यायच्या आधी ते कुणीतरी काढून नेलं होतं.

ज्ञानदानं डिकी लावली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. मिळालं नसतं तर बरं, असं वाटायला लावणारं उत्तर.

"काय झालं मॅडम?" आर्जवनं विचारलं.

"तुझ्या आईला बाहेर पाठव," ती म्हणाली. "एकटीला."

५

चंदना आली आणि पदर अंगाभोवती लपेटून उभी राहिली.

"जॅक तुम्ही ठेवलात," ज्ञानदा हळू आवाजात म्हणाली. "घाईत ठेवलात, म्हणून मिटलेलाच राहिला. तुमच्या यजमानांनी जॅक लावलाच नव्हता. ते गाडी उंच करून खाली शिरले होते, गळती शोधायला. निघायची वेळ झाली होती. कुणीतरी डिकीत भांडं ठेवायला आलं. उंच गाडीत हात पोचेना, म्हणून नेहमीसारखं बटण दाबलं. ड्रमच्या आवाजात आणि कमी ऐकू येणाऱ्या कानांना खालची हाक ऐकू आली नाही."

चंदना खांबाला टेकली.

"ज्या भांड्याला या घरात दुसरं कुणी शिवत नाही, ते भांडं," ज्ञानदा म्हणाली.

"बास," चंदना म्हणाली. "नाव घेऊ नका."

ती खाली बसली. बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी सपाट होता.

"मी आले तवा सगळं संपलं हुतं. नाकाशी हात धरला, नाडी बघितली. काय न्हाई. मान वर केली तर डिकी उघडी, आत कळशी. एका क्षणात सगळं कळलं मला. त्यांनी ही गाडी आईसाठी आणली. आईला बटण त्यांनीच शिकवलं. आता आईला कळलं की ह्याच बोटानं... ती दुसऱ्या दिवशी जिवंत राह्यली असती का, सांगा? मी कळशी काढून पडवीत ठेवली. तिथं जॅक दिसला, तो खाली सारला. डिकी लावली. मग वरडले. त्यांच्यासाठी मला काय करता आलं न्हाई. त्यांच्या आईसाठी तरी."

"त्या आणि तुमच्यात फार सख्य होतं?"

"कुठलं वो. वर्सानुवर्सं भांडलोय." चंदनानं ज्ञानदाचे हात धरले. "बाई, लिहू नका. पाया पडते. जॅक घसरला म्हणून लिवा. मेलेला माणूस परत येत न्हाई. कुणाचं नुकसान हाय त्यात?"

ज्ञानदानं तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न ती विचारेल, हे तिला वाटलंच होतं, आणि उत्तर द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"तुमच्या मुलाचं आहे," ती म्हणाली. "तो जॅक त्याचा होता. झिजलेला. बाप आपल्यामुळे गेला, असं तो धरून बसलाय. मघाशी दारात तो बोलला ते तुम्हाला रागाचं वाटलं असेल. ते खरं होतं. पोलिसांनी धरून न्यावं असं त्याला वाटतंय."

"माझा आर्जव?" ती पुटपुटली. "मला वाटलं बापाच्या दुःखानं... मी तर हाताला आला तो जॅक उचलला. कुणाचा, काय, डोक्यात बी आलं न्हाई."

तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. सासूला वाचवताना तिनं ते ओझं नकळत पोराच्या छातीवर ठेवलं होतं. आता एकाच्या अंगावरून काढायचं तर दुसरीच्या अंगावर टाकायचं. तिसरी जागा नव्हती.

तेवढ्यात मागं काठी वाजली. दोघींनी वळून पाहिलं.

दाराच्या चौकटीला धरून आक्काताई उभ्या होत्या.

६

"कळशीचं हुडकून काढलं न्हवं हिनं?" आक्काताईंनी ज्ञानदाकडे बोट करून सुनेला विचारलं.

चंदना ताडकन उठली. "न्हाई आक्का, विम्याचं काम हाय. तुमी आत चला."

"गप." म्हातारी एक एक पाऊल टाकत पायरीपाशी आली आणि कठड्याला धरून बसली. "आर्जवला हाक मार."

आर्जव आला. काय चाललंय ते त्याला कळेना. आक्काताईंनी त्याला आपल्यासमोर, खालच्या पायरीवर बसवलं.

"पोरा, तुझा जॅक न्हवता," त्या म्हणाल्या. "माझं बोट हुतं."

चंदनाच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला. आक्काताईंनी तिकडे पाहिलं नाही.

"कळशी घेऊन आले. बटण दाबलं. रोज एका दमात बसायची गाडी. त्या दिवशी मधीच अडली. मी म्हटलं, हट्टी झालीया. परत दाबलं. कळशी ठेवली. माळ इसरली म्हणून आत गेले. बाहेर येतीय तर तुझी आई कळशी काढून घेत हुती. मग तिनं त्यो लोखंडाचा तुकडा उचलला. तिच्या पुढ्यात माझ्या सुकुमारचं पाय दिसलं. मी तशीच माघारी फिरले अन् पलंगावर पडून डोळं मिटलं."

"तुमाला म्हाईत हुतं?" चंदना कशीबशी म्हणाली. "आक्का, इतकं दिस तुमाला म्हाईत हुतं?"

"नवरा समोर पडलेला, अन् तू माझा इचार केलास. मी बोलले असते तर तुझं ते समदं मातीत गेलं असतं. म्हटलं, हिला वाटू दे, म्हातारी वाचली. तेवढंच तिला बरं वाटंल." आक्काताई आर्जवकडे वळल्या. "पर ह्यो पोरगा रातभर फेऱ्या मारतोय ते मला दिसत हुतं. बाप गेला म्हणून मारतोय असं वाटलं. आज दारात बोलला. मला ऐकू न्हाई आलं, पर त्याचं तोंड बघितलं. ते बापाच्या दुःखाचं तोंड न्हवतं. ते माझ्यासारखं तोंड हुतं."

आर्जव आईवर ओरडला, "मला सांगायचं नाहीस? मी इथं जळत होतो, आई!" त्याचा राग तेवढाच होता. पुढच्या क्षणी त्यानं आजीच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं, आणि त्याचे खांदे गदगदा हलू लागले. आक्काताई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या, तोच हात.

ज्ञानदा उठली. "आक्का, मला खरं तेच लिहावं लागेल," ती जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाली. "नकळत घडलेला अपघात. तुम्हाला कुणी शिक्षा करणार नाही. पण पोलीस येतील, विचारतील."

"इचारू देत. सांगीन." आक्काताईंनी मान हलवली. "शिक्षेचं नका सांगू बाई. ती चालू झालीया."

ज्ञानदानं आपली पिशवी उचलली. इतक्या वर्षांत तिनं कितीतरी प्रकरणं उलगडली होती, आणि दर वेळी सत्य सापडल्याचं थोडं समाधान वाटायचं. आज ते शोधूनही सापडेना. फाटकापर्यंत गेल्यावर तिनं एकदा मागं पाहिलं.

चंदना अजून खांबापाशी उभी होती, पदर लपेटून, तशीच ताठ. घरात पहारा देणाऱ्या माणसासारखी. आक्काताईंनी मोकळा हात तिच्याकडे पसरला.

"ये हिकडं," त्या म्हणाल्या. "सुकुमार गेल्यापास्नं तू रडली न्हाईस. मी रोज बघतीया. माझ्यावर पहारा देत बसलीस." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "आता राखायचं काय उरलं न्हाई बाळ. आता रड."

चंदना जागची हलली. सासूच्या शेजारी, मुलाला लागून, पायरीवर बसली, आणि नवऱ्यासाठी पहिल्यांदा रडली.